लपविलेल्या डबीचा शोध

(इयत्ता तिसरी व चौथीसाठी भूगोल, गणित व नागरिकत्व यांचा संयुक्त पाठ. मुलांना अगर नातवंडांना जिओकॅशिंगसाठी नेणाऱ्या वडीलधाऱ्या मंडळींसही उपयुक्त.)

विषयाचे स्वरूप व हेतू

लपविलेली वस्तू शोधून काढण्याची हौस मुलाच्या अंगी उपजतच असते. लपंडाव असो, आंधळी कोशिंबीर असो, अथवा कोणत्या मुठीत चिंचोका आहे हे ओळखणे असो, शोधात मूल जेवढे रमते तेवढे सापडलेल्या वस्तूत रमत नाही. ह्याच हौसेस पृथ्वीवरील स्थाननिश्चितीच्या शास्त्राची जोड मिळून इ. स. २००० मध्ये एक नवा खेळ निर्माण झाला. त्यास जिओकॅशिंग असे म्हणतात.

खेळाची रीत सोपी आहे. एखादी व्यक्ती घट्ट झाकणाची डबी उघड्यावरील एखाद्या सुरक्षित जागी लपविते आणि त्या जागेचे अक्षांश व रेखांश इंटरनेटवरील सूचीत नोंदविते. इतर लोक ते अंक भ्रमणध्वनीत किंवा जीपीएस यंत्रात घालून त्या जागेपर्यंत जातात, डबी शोधतात, आतील वहीत नाव व तारीख लिहितात आणि डबी जेथे होती तेथेच परत ठेवतात. आजमितीस जगात अशा तीस लाखांहून अधिक डब्या आहेत. भारतात त्या तुलनेने विरळ आहेत. परंतु ह्या खेळातील शिक्षण घेण्यासाठी दूर जावे लागत नाही, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

नावाविषयी मुलांचा गैरसमज होऊ देऊ नये. ‘जिओ’ म्हणजे ग्रीक भाषेत पृथ्वी. ‘कॅश’ हा शब्द येथे रोकड ह्या अर्थी नसून लपविणे ह्या अर्थाच्या फ्रेंच शब्दापासून आलेला आहे. पृथ्वीच्या पाठीवर दडवून ठेवलेला ठेवा, असा त्याचा सरळ अर्थ घ्यावा.

पाठाचे हेतू तीन आहेत. पहिला, दिशा, अंतर व अंकांची स्थानिक किंमत यांचे ज्ञान पायांखालच्या जमिनीवर पडताळून पाहणे. दुसरा, परिसराचे निरीक्षण करण्याची सवय लावणे. तिसरा आणि मुख्य हेतू असा की, कोणी पाहत नसतानाही मागून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी वस्तू जशीच्या तशी राखून ठेवणे. पहिले दोन हेतू पुस्तकाच्या साहाय्यानेही थोडेफार साधतील. तिसरा मात्र पुस्तकाने साधणार नाही.

खेळाचा पूर्वेतिहास

शिक्षकाने प्रथम मुलांस गोष्टीच्या रूपाने हा इतिहास सांगावा. इंग्लंडच्या नैर्ऋत्येस डार्टमूर नावाचे उजाड, दलदलीचे पठार आहे. तेथे जेम्स पेरट नावाचा वाटाड्या प्रवाशांस क्रॅनमियर पूल ह्या अवघड जागी नेत असे. १८५४ साली त्याने तेथे एक बाटली ठेविली. एवढी पायपीट करून पोहोचणाऱ्याने आपल्या नावाचे पत्रक तीत टाकावे, अशी योजना होती. पुढे इतरत्रही अशा पेट्या ठेवल्या जाऊ लागल्या. लोक त्यांत पत्रे ठेवीत आणि नंतर येणारा प्रवासी ती घेऊन टपालात टाकी. एका अनोळखी माणसाने दुसऱ्या अनोळखी माणसावर ठेवलेला हा विश्वास होता. तोच ह्या खेळाचा पाया होय.

दुसरा टप्पा उपग्रहांचा. अमेरिकेची जीपीएस ही स्थाननिश्चितीची व्यवस्था मूळ लष्करी उपयोगासाठी उभारलेली होती. सामान्य नागरिकांस मिळणाऱ्या संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असे, त्यामुळे दाखविलेली जागा सुमारे १०० मीटरपर्यंत चुकू शके. १ मे २००० रोजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ही चूक काढून टाकण्याचे जाहीर केले आणि त्याच रात्री ती काढली गेली. जगातील साध्या यंत्रांची अचूकता एका रात्रीत कितीतरी पटींनी वाढली.

त्यानंतर दोनच दिवसांनी, ३ मे २००० रोजी, डेव्ह अल्मर यांनी ऑरेगॉन राज्यातील बीव्हरक्रीक गावाजवळ एक काळी बादली ठेविली आणि तिचे अंक इंटरनेटवर प्रसिद्ध केले. बादलीत पुस्तके, एक बेचकी, घेवड्याच्या दाण्यांचा एक बंद डबा अशा काही वस्तू होत्या. सोबत एक वही व पेन्सिल होती. ‘काही घ्या, काही ठेवा’ एवढाच नियम होता. तीन दिवसांच्या आत दोघा शोधकांनी ती बादली शोधून काढली. त्यांपैकी माइक टीग हे पहिले. त्याच महिन्याच्या अखेरीस मॅट स्टम यांनी ‘जिओकॅशिंग’ हा शब्द सुचविला आणि २ सप्टेंबर २००० रोजी जेरेमी आयरिश यांनी अशा डब्यांची सूची सर्वांसाठी खुली केली.

ह्या गोष्टीतील एक बारकावा मुलांच्या ध्यानी आणून द्यावा. ती पहिली बादली अर्धवट जमिनीत पुरलेली होती आणि तीत खाद्यपदार्थ होता. आजच्या नियमांप्रमाणे ह्या दोन्ही गोष्टी वर्ज्य आहेत. डबी ठेवण्यासाठी जमीन खणू नये, कारण त्यामुळे शोधणारेही जागोजागी खणू लागतात. खाद्यपदार्थ ठेवू नये, कारण वासाने मुंग्या, उंदीर व इतर प्राणी येऊन डबी फोडतात. नियम कोणीतरी वरून लादलेले नसतात, ते अनुभवातून तयार होतात, हे येथे सहज पटविता येईल.

उपग्रह आणि घड्याळ

यंत्रास आपली जागा कशी कळते, हा प्रश्न मुले विचारतीलच. उत्तरासाठी त्यांच्या पूर्वज्ञानाचा आधार घ्यावा. पावसाळ्यात वीज चमकल्यावर गडगडाट काही वेळाने ऐकू येतो. ध्वनीस एक किलोमीटर जाण्यास सुमारे तीन सेकंद लागतात. यास्तव वीज चमकल्यापासून घरात बसून नऊ अंक सेकंदाच्या ठेक्यावर मोजेपर्यंत गडगडाट झाला, तर वीज सुमारे तीन किलोमीटरांवर चमकली असे समजावे. वेळ मोजली की अंतर कळते.

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून दिवसातून दोनदा पृथ्वीभोवती फिरतात. प्रत्येक उपग्रह आपली जागा आणि अचूक वेळ सतत सांगत असतो. तो संदेश प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदास सुमारे तीन लाख किलोमीटर ह्या वेगाने येतो. त्यास पृथ्वीवर पोहोचण्यास सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. ही वेळ मोजून यंत्र प्रत्येक उपग्रहापासूनचे आपले अंतर काढते. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतर ३०० मीटरांनी चुकते. म्हणून उपग्रहांत अणुघड्याळे बसविलेली असतात. आपल्या हातातील यंत्राचे घड्याळ तितके अचूक नसते, यामुळे तीन उपग्रहांवर न थांबता निदान चौथ्याचा संदेश घेऊन ते दुरुस्त केले जाते. भारतानेही ‘नाविक’ ह्या नावाची स्वतःची स्थाननिश्चितीची प्रणाली उभारली आहे. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडण्यात आला.

मैदानावरील दोरीचा पाठ

वरील भाग तोंडी सांगून सोडल्यास मुलांच्या हाती काहीच लागणार नाही. तो दोरीने करून दाखवावा. ह्यासाठी भ्रमणध्वनी लागत नाही. तीन लांब दोऱ्या, मोजपट्टी व एक डबी एवढी साधने पुरेत.

समजा, शाळेचा ध्वजस्तंभ व आंब्याचे झाड यांत २५ मीटर अंतर आहे. शिक्षकाने मुलांच्या अपरोक्ष डबी अशा जागी ठेवावी की, ती स्तंभापासून १५ मीटर, झाडापासून २० मीटर आणि पाण्याच्या हापशापासून १० मीटर अंतरावर येईल. मग वर्गास प्रथम एकच माहिती द्यावी : ‘डबी ध्वजस्तंभापासून १५ मीटरांवर आहे.’ एका मुलाने दोरीचे टोक स्तंभाशी धरावे, दुसऱ्याने १५ मीटरांची खूण हाती धरून दोरी ताणून भोवती फिरावे. जमिनीवर वर्तुळ उमटेल. डबी त्या वर्तुळावर कोठेही असू शकेल.

आता दुसरी माहिती द्यावी : ‘झाडापासून २० मीटर.’ दोन दोऱ्यांची टोके केवळ दोनच जागी एकत्र येतात, एक स्तंभ व झाड यांना जोडणाऱ्या रेषेच्या अलीकडे आणि दुसरी पलीकडे. येथे शिक्षकाने थांबावे व वर्गास विचारावे : ‘ह्या दोहोंपैकी खरी जागा कोणती?’ मुलांचे दोन पक्ष पडतील. वाद होऊ द्यावा. मग तिसरी माहिती सांगावी : ‘हापशापासून १० मीटर.’ तिसरी दोरी एकाच जागी पोहोचते आणि वाद मिटतो. प्रत्येक शाळेच्या आवाराप्रमाणे अंतरे वेगळी येतील. मात्र तिन्ही खुणा एका सरळ रेषेत घेऊ नयेत, नाहीतर दोन जागांचा निर्णय होणार नाही.

हापशाची दोरी एक मीटर आखूड धरून हाच प्रयोग पुन्हा करवावा. तिन्ही दोऱ्या आता एका बिंदूत मिळत नाहीत. एका मोजणीतील चूक संपूर्ण उत्तर बिघडविते, हे मुलांस सांगावे लागणार नाही. ती स्वतःच दोरी तपासू लागतील.

अंकांचे वाचन

चौथीच्या मुलांस अक्षांश-रेखांशांची व्याख्या पाठ करावयास लावण्याची घाई करू नये. अंक कसे वाचावेत एवढेच शिकवावे. ऑरेगॉनमधील त्या पहिल्या बादलीचे अंक असे होते : उत्तर ४५ अंश १७.४६० मिनिटे, पश्चिम १२२ अंश २४.८०० मिनिटे. येथे मिनिट म्हणजे वेळेचे मिनिट नव्हे, तर अंशाचा साठावा भाग होय.

उत्तर-दक्षिण दिशेत एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर आणि एक मिनिट म्हणजे सुमारे १ किलोमीटर ८५० मीटर होतात. बिंदूनंतरच्या तीन अंकांपैकी शेवटचा अंक एकाने वाढला, तर माणूस उत्तरेस जेमतेम दोन मीटर सरकतो. मधला अंक एकाने वाढला तर सुमारे १८ मीटर आणि पहिला अंक एकाने वाढला तर सुमारे १८५ मीटर सरकतो. फळ्यावर दशक-शतक शिकणाऱ्या मुलास स्थानिक किंमतीचा एवढा प्रत्यक्ष पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळेल. ४६० ऐवजी चुकून ६४० असे लिहिले, तर शोधणारा सुमारे ३३३ मीटर दूर जाऊन उभा राहील. अंक उतरवून घेण्याचे काम मुलाकडे द्यावे आणि त्याने ते दोनदा वाचून दाखवावे.

पूर्व-पश्चिम दिशेतील माप जागेप्रमाणे बदलते. संत्र्याच्या फोडी मध्यभागी रुंद व देठाशी निमुळत्या असतात, तद्वत रेखांशांतील अंतर विषुववृत्ताशी सर्वांत अधिक असून ध्रुवांकडे कमी होत जाते. पुण्याच्या आसपास रेखांशाचे एक मिनिट सुमारे १ किलोमीटर ७६० मीटर भरते. ऑरेगॉनमधील त्या जागी ते सुमारे १ किलोमीटर ३०० मीटर भरते.

शोधाचा दिवस : वडीलधाऱ्यांचे काम

प्रत्यक्ष शोधास निघताना जागेची निवड विचारपूर्वक करावी. सूचीत प्रत्येक डबीस दोन प्रकारचे गुण एक ते पाच ह्या क्रमाने दिलेले असतात. एक गुण शोधण्याच्या अवघडपणाचा, तर दुसरा वाटेच्या अवघडपणाचा. वाटेचा एक गुण म्हणजे चाकांच्या खुर्चीनेही जाता येण्याजोगी वाट. पाच वर्षांच्या नातवाचे पाय आणि सत्तर वर्षांच्या आजीचे गुडघे यांना बहुधा सारखीच वाट मानवते. दोघांनाही वाटेत थांबावयाचे असते. म्हणूनच ह्या खेळात आजी-आजोबांची सोबत आईवडिलांच्या सोबतीपेक्षा पुष्कळदा सरस ठरते.

यंत्र मुलाच्या हाती द्यावे. मोकळ्या आकाशाखाली भ्रमणध्वनी सुमारे पाच मीटरांच्या आत जागा दाखवितो. दाट झाडी, कडा किंवा उंच भिंत जवळ असल्यास चूक वाढते. यास्तव शेवटच्या दहा पावलांवर यंत्र खिशात ठेवून डोळ्यांनी शोधावे, हा नियम पाळावा.

येथेच वडीलधाऱ्यांची खरी कसोटी लागते. अनुभवी डोळ्यांस डबी प्रथम दिसते. ती बोटाने दाखविली की पाठ संपतो, कारण मग मूल शोधक राहत नाही, केवळ हमाल होते. पुढील संवाद नमुन्यादाखल दिला आहे. त्यातील आजोबांना डबी आधीच दिसलेली आहे, हे वाचकाने ध्यानात ठेवावे.

नात : आजोबा, आपण पोहोचलो असे दाखवते आहे, पण येथे तर काहीच नाही.
आजोबा : यंत्र किती मीटर चुकू शकते म्हणून सांगितले होते शाळेत?
नात : पाच मीटर. ह्या बाजूला किंवा त्या बाजूला.
आजोबा : मग तेवढी जागा नीट बघ बरे. येथे आपोआप घडणार नाही असे काय दिसते?
नात : पाने पडली आहेत. ती आपोआप पडतात. दगड आहेत. आणि त्या उंबराच्या बेचक्यात तीन दगड एकावर एक आहेत.
आजोबा : दगड झाडावर कसे गेले असतील?
नात : कोणीतरी ठेवले असतील! तेथेच आहे!
आजोबा : थांब. आधी काठीने दगड हलव. हात मागाहून.

आजोबांनी येथे तीनच प्रश्न विचारले. उत्तर एकही दिले नाही. आज्ञा एकच दिली, आणि ती जिवाच्या रक्षणासाठी होती. शिकविणाऱ्याने आपल्या बोलण्याचे प्रमाण ह्याच मापाने तपासून पाहावे.

डबी उघडल्यावर

डबीत बहुधा वही, पेन्सिल आणि लहानसहान वस्तू असतात. एखादी गोटी, शंख, बटण, चित्र असे काही सापडते. वहीत प्रथम नोंद करावी. मुलाचे पूर्ण नाव, शाळा किंवा पत्ता लिहू नये, ठरविलेले टोपणनाव व तारीख पुरे. इंटरनेटवरील नोंदीसही हाच नियम लागू आहे. तेथे मुलाचे छायाचित्रही घालू नये.

वस्तू घ्यावयाची असेल तर तिच्या तोडीची किंवा तिच्याहून चांगली वस्तू ठेवली पाहिजे. मुलास आवडलेली गोटी सुंदर असते आणि खिशात मात्र तुटके बटण असते. जवळपास कोणीही नसते. ते बटण ठेवून गोटी घेतली तरी कोणास कळणार नाही. ह्या क्षणासाठीच सारी पायपीट केलेली असते. आजीने येथे उपदेश करू नये. ‘तुझ्यानंतर उद्या जो मुलगा ही डबी उघडील त्याला काय दिसेल?’ एवढेच विचारावे आणि निर्णय मुलावर सोपवावा. मुलाने वस्तू न घेता नुसती नोंद करून डबी मिटली, तरी खेळ पूर्ण झाला असे समजावे.

उन्हाळ्यात पाणपोईवर रांजण भरणारा माणूस पाणी कोण पिणार हे पाहण्यास थांबत नाही. पाणी पिणाऱ्यानेही झाकण नीट ठेवावयाचे असते, कारण त्याच्यामागून कोणी तहानलेला येणार असतो. डबीचे झाकण घट्ट लावून ती होती तेथेच, होती तशीच ठेवणे म्हणजे हाच धर्म पाळणे होय. ‘ह्याहून चांगली जागा मला सापडली’ असे म्हणून डबी हलवू नये. तसे केल्यास सूचीतील अंक खोटे ठरतात.

पुष्कळदा डबी सापडतच नाही. पावसाने वाहून गेलेली असते, कोणी उचलून नेलेली असते, किंवा नजरेतून निसटलेली असते. मूल रडकुंडीस येते. अशा वेळी खिशातील एखादी डबी गुपचूप झाडाखाली ठेवून ‘ही बघ!’ म्हणण्याचा मोह वडीलधाऱ्यांस होतो. तो कटाक्षाने आवरावा. त्याने मुलाचे रडे थांबते, परंतु शोधाचा अर्थ नाहीसा होतो. त्याऐवजी घरी येऊन ‘शोधली, सापडली नाही’ अशी नोंद मुलाच्या संमतीने करावी. ह्या खेळात अशी नोंद हा कमीपणा मानीत नाहीत. दोघा-तिघांनी तसे नोंदविले की डबीच्या मालकास ती नाहीशी झाल्याची शंका येते व तो जाऊन पाहतो. न सापडल्याचे खरे वृत्त हेही दुसऱ्याच्या उपयोगी पडते, हे समजलेले मूल परीक्षेतील चुकलेले उत्तर लपविण्यासही कमी धजेल.

दक्षता

ह्या खेळात एक विरोध आहे, तो प्रामाणिकपणे मुलांसमोर ठेवला पाहिजे. बेवारस वस्तूस हात लावू नये, असे स्थानकावर व बसमध्ये वारंवार सांगितले जाते आणि ते योग्यच आहे. येथे मात्र मूल झाडीतील अनोळखी डबी शोधून उघडते. यास्तव पुढील फरक पक्का करून घ्यावा. जिचे अंक व वर्णन आधी वाचलेले आहे, जी त्या वर्णनाशी जुळते आणि जी सोबतच्या मोठ्या माणसाने प्रथम पाहिली आहे, तीच डबी उघडावयाची. इतर कोणतीही वस्तू बेवारसच समजावी व दूर राहून मोठ्यांना सांगावे. ही भीती केवळ कल्पनेतील नाही. इंग्लंडमधील वेदरबी गावी २०११ साली अशीच एक डबी घातक वस्तू समजली गेली आणि बॉम्बनाशक पथकाने ती उडवून दिली. म्हणून स्थानक, पूल, गर्दीचा बाजार, देवालयाचे आवार अशा जागी डबी ठेवू नये. डबी शक्यतो पारदर्शक असावी व तिच्यावर ती खेळातील असल्याचे स्पष्ट लिहावे.

दुसरी दक्षता सर्पाची. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चार विषारी साप महाराष्ट्रात आढळतात. ढोलीत, दगडांच्या फटीत किंवा पाल्याखाली हात कधीही घालू नये. आधी काठीने चाचपावे. पायांत बंद बूट असावेत. पावसाळ्यातील उंच गवतात मुलांस नेऊ नये. दिवाळीनंतरचे थंडीचे दिवस ह्या कामी उत्तम. दंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये किंवा अवयव करकचून बांधू नये. अंग हलू न देता १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून ताबडतोब रुग्णालय गाठावे. मधमाश्यांचे मोहोळ दिसल्यास तेथून निमूटपणे मागे फिरावे. मग डबी दोन पावलांवर असली तरी हरकत नाही.

तिसरी दक्षता परिसराची. किल्ल्यांचे तट, लेणी व जुनी देवळे यांपैकी पुष्कळ वास्तू कायद्याने संरक्षित आहेत. त्यांच्या फटीत डबी बसविण्यासाठी एक दगडही सरकवू नये. जाताना एक रिकामी पिशवी न्यावी व वाटेवरील कचरा गोळा करून आणावा. हा प्रघात ह्या खेळातील मंडळींनी २००२ पासून जगभर पाळलेला आहे.

शाळेची स्वतःची डबी

गावाजवळ नोंदलेली डबी नसल्यास शाळेने स्वतःची डबी तयार करावी. ती इंटरनेटच्या सूचीत घालण्याची आवश्यकता नाही. चौथीच्या वर्गाने डबी लपवावी, तिसरीच्या वर्गाने शोधावी आणि पुढील वर्षी तिसरीने चौथीत गेल्यावर ती सांभाळावी, एवढी व्यवस्था पुरे. जागा शाळेच्या आवाराबाहेर असल्यास मुख्याध्यापकांची व जमीनमालकाची किंवा ग्रामपंचायतीची परवानगी घ्यावी. परवानगीचा अर्ज मुलांकडूनच लिहून घ्यावा. सूचीत नोंद करावयाची असेल, तर आधीच्या डबीपासून निदान १६१ मीटर अंतर ठेवावे लागते.

डबी घट्ट फिरकीच्या झाकणाची असावी. वहीसाठी शाई वापरू नये, दमट हवेने ती फुटते. पेन्सिल टिकते. आत चिंचोके, सागरगोटे, शिंपले, मुलांनी काढलेली चित्रे असे काही ठेवावे. गुंजा दिसावयास मोहक असल्या तरी विषारी असतात, त्या मुळीच ठेवू नयेत. तीन वर्षांखालील भावंडे सोबत असल्यास मणी, बटणे वगैरे बारीक वस्तू त्यांच्या हाती लागणार नाहीत असे पाहावे.

डबीची देखरेख हे ह्या उपक्रमातील सर्वांत नीरस व सर्वांत मोलाचे काम आहे. महिन्यातून एकदा दोन मुलांनी शिक्षकाबरोबर जाऊन वही कोरडी आहे काय, पेन्सिलीस टोक आहे काय, वस्तू शिल्लक आहेत काय, हे पाहून यावे. लपविण्यास सारेच पुढे येतात. राखण्यास पुढे येणाऱ्या मुलाचे नाव शिक्षकाने आवर्जून लक्षात ठेवावे.

संकलन व स्वाध्याय

पाठ संपविताना वर्गास पुढील प्रश्न विचारावेत.

१. दोन दोऱ्यांनी जागा नक्की का होत नाही? तिसरी दोरी काय करते?
२. बिंदूनंतरचा मधला अंक दोनाने चुकला, तर शोधणारा सुमारे किती मीटर दूर जाईल?
३. पहिल्या बादलीतील कोणत्या दोन गोष्टी आजच्या नियमांस धरून नाहीत? नियम का बदलले?
४. शोधून काढावयाची डबी व बेवारस वस्तू यांतील फरक कसा ओळखाल?
५. घरी आजी किंवा आजोबांसाठी एक डबी लपवा. तीन खुणांपासूनची अंतरे पावलांत मोजून कागदावर लिहून द्या. ते शोधत असताना उत्तर सांगू नका.

पाचव्या स्वाध्यायात भूमिका उलट होते, हे शिक्षकाने ध्यानात घ्यावे. डबी कोठे आहे हे ठाऊक असूनही गप्प बसणे किती कठीण असते, ते मुलास येथे स्वतः कळते. त्याचे आजोबा त्या दिवशी उंबराखाली का बोलले नाहीत, हेही त्यास मग निराळे समजावून सांगावे लागत नाही.